बेळगावात किराणा होलसेल आहे. ऑर्डर आणि रेट ऑनलाइन करायचे तर कोणतं ॲप घ्यावं?

ॲपचं नाव शेवटी विचारा. आधी सांगा, तुमच्याकडे रेट लिहिलेला कुठे आहे? रविवार पेठेत तो बहुधा मालकाच्या डोक्यात आणि सेल्समनच्या तोंडात असतो. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, दिसतो तो मागच्या बिलाचा. तो कागदावर न उतरवता ॲप घेतलंत, तर खानापूरची पार्टी, म्हणजे तुमचं गिऱ्हाईक दुकान, दुसऱ्याच्या मोबाइलमधला स्क्रीनशॉट पाठवून विचारणार, "निपाणीवाल्याला दहा रुपये कमी का ओ?"

रेटच्या चार पट्ट्या पुरतात: काउंटर, लाइन (सेल्समन फिरतो ती दुकानं), मोठी पार्टी आणि पोच भाडं धरून लांबची. मूळ रेट म्हणजे खरेदी, भाडं, हमाली. त्यातून बिलातच मिळालेली स्कीम, म्हणजे कंपनीची सूट, वजा. वर्षअखेरच्या टार्गेटची स्कीम वजा करू नका, हातात येईपर्यंत ती तुमची नाही. साबण, बिस्किटं, मसाल्यांना मुळावर टक्के लावा. साखर-तेलाला मात्र रुपयेच. समजा साखर 4,000 रुपये क्विंटल, तर एक टक्का म्हणजे 40 रुपये. तेवढ्यावर पार्टी शेजारच्या दुकानात बसलेली असते.

आयटम मास्टरमध्ये, म्हणजे मालाच्या मूळ यादीत, सगळ्यात मोठा घोळ तेलाच्या डब्याचा. 15 किलोचा डबा वेगळा, 15 लिटरचा वेगळा. सोयाबीनच्या 15 लिटरमध्ये तेल भरतं साधारण 13.65 किलो. दोन्ही नुसते 'सोया डबा' म्हणून चढवले आणि 130 रुपये किलोचा भाव धरला, तर डब्यामागे 175 रुपयांचा फरक पडतो, आणि तो बिल झाल्यावर कळतो. वजन नावातच लिहा. पार्टीला ऑर्डरसाठी एकच एकक दाखवा, खोका किंवा पोतं; नाहीतर तिनं पाच खोके म्हणून टाकलेला आकडा पाच नग म्हणून येतो. एमआरपी बदलली की जुना साठा संपेपर्यंत वेगळा आयटम. शोधताना 'तूरडाळ' आणि कन्नडमधलं 'तोगरी बेळे' दोन्ही टाइप करून माल सापडला पाहिजे, बैलहोंगलची पार्टी मराठीत शोधणार नाही.

तांदूळ किलोनं चढवू नका. पॅकबंद, लेबल लावलेल्या 25 किलोपर्यंतच्या पिशवीला 18 जुलै 2022 पासून 5 टक्के जीएसटी आहे, 26 किलोच्या पोत्याला नाही. किलोचा रेट दाखवला की हा कर कुणीतरी खिशातून भरतो. आणि शिनोळी! पेठेतून टेम्पो अर्ध्या-पाऊण तासात पोचतो, पण गाव महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातलं, म्हणजे पार्टीचा जीएसटी नंबर 27 ने सुरू होणार, तुमचा 29 ने. बिलाला आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीचा कर, लागतो. पार्टीच्या मास्टरमध्ये राज्य 'कर्नाटक' राहिलं तर सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या विक्रीचा कर, लागतो. मग बरोबर कर नव्यानं भरा आणि आधीचा परत मागत बसा. करपात्र माल कर धरून 50,000 च्या वर गेला की ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन परवाना. अंतर कमी आहे म्हणून सवलत नाही.

तेलाचा भाव सकाळी टाका, संध्याकाळी सहाला ऑर्डर बंद. त्यानंतरची ऑर्डर दुसऱ्या दिवशीच्या रेटनं. बिल करणाऱ्या पोरानं टॅलीत ऑर्डर नंबर निवडूनच बिल काढायचं. थेट बिल काढलं तर बिलाच्या दिवसाचा रेट बसतो, आणि भाव चढलेला असेल तर पार्टी माल उतरवूनच घेत नाही.

पेठेत एक पंथ म्हणतो, ऑनलाइन म्हणजे सगळ्यांना एकच रेट, पारदर्शक कारभार. हे म्हणणारे उधारी मागायला कधी गेलेले नसतात. रोखीनं 40 पोती उचलणारा आणि 45 दिवसांनी अर्धे पैसे देणारा, दोघांना एकच रेट लावलात तर दुसऱ्याचं व्याज पहिला भरतो. म्हणून ॲपमध्ये उधारीच्या मर्यादा दोन हव्यात, रकमेची आणि दिवसांची. रकमेत न पोचलेल्या ऑर्डरीही धरा. मर्यादा ओलांडली तरी ऑर्डर नाकारू नका, मंजुरीसाठी थांबवा आणि फोन करा.

सेल्समनला रेट बदलायची मुभा अजिबात नको. 'पार्टी तुटेल' म्हणतील, म्हणू देत. सूट हवी तर कारण लिहून विनंती टाकावी, मंजुरी दुकानातून जाईल. महिनाअखेरीस ती यादी काढा. तीच तीच पार्टी दिसली तर तिची पट्टी बदला. तोच तोच सेल्समन दिसला तर काय बदलायचं ते तुम्हाला कळतंच. आणि आयटम मास्टर दिवाणजीच्या हाती ठेवा. कॉम्प्युटर शिकलेला पुतण्या हुशार असेल, पण कोणत्या कंपनीचा खोका 24 चा आणि कोणाचा 36 चा, हे त्याला कोण सांगणार?

आता ॲप. टॅलीतून साठा-बाकी उचलून ऑर्डर परत टॅलीत टाकणारं कोणतंही चालेल. व्हॉट्सॲपचा कॅटलॉग रेटसाठी निरुपयोगी, तो सगळ्यांना एकच भाव दाखवतो. विकणाऱ्यासमोर तीन ऑर्डरी टाकून बघा: दोन्ही प्रकारचे तेलाचे डबे, शिनोळीची पार्टी, मर्यादा ओलांडलेली पार्टी. चौथी नेट बंद करून, कारण जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात रेंजचा भरवसा नाही.

हे सगळं किराण्याचं. कापड-हार्डवेअरला पट्ट्या वेगळ्या पडतील. पार्ट्या पन्नासच्या आत असतील तर सध्या यातलं काही घेऊ नका, रोज सकाळी पट्टीप्रमाणे रेटची यादी पाठवलीत तरी भागेल.