घरातली लिफ्ट : आधी माणूस मोजा, मग यंत्र निवडा

प्रश्न : तळमजला आणि वर एक मजला असे आमचे घर आहे. आईचे गुडघे थकलेत. आज ती काठी धरून चालते, पण पुढेमागे व्हीलचेअर लागेल. जिन्यालगत पाच फूट बाय पाच फूट जागा आहे. दोराची, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारी), स्क्रूची आणि हवेच्या दाबावर चालणारी, अशा चारही लिफ्टची माहितीपत्रके जमवली. कोणती घ्यावी?

उत्तर : एका मजल्याचा चढ म्हणजे तीन-साडेतीन मीटर. तेवढ्याला चारही यंत्रे पुरतात. फसगत होते ती आतल्या मापात, आणि भिंती उभ्या राहिल्यावर ते माप वाढवता येत नाही.

हाताने ढकलायची व्हीलचेअर साधारण 650 ते 700 मिमी रुंद असते, आणि पावलाच्या पट्ट्या धरून 1100 ते 1200 मिमी लांब. खुर्ची एकटीच आत जाणार असेल तर केबिन आतून किमान 1000 बाय 1250 मिमी हवी. मागे ढकलणारे माणूसही सोबत चढणार असेल, आणि आईंच्या बाबतीत ते चढणारच, तर 1100 बाय 1400 मिमी धरा. दार उघडल्यावर मोकळी वाट 800 मिमी असावी. दाराबाहेर दोन्ही मजल्यांवर खुर्ची फिरवायला 1500 मिमी व्यासाची मोकळी जागा लागते, आणि ही जागा सोडायची बहुतेकांकडून राहून जाते. दोन दारे काटकोनात येत असतील तर खुर्ची आतल्या आत वळवावी लागते, त्यासाठी केबिन आणखी मोठी लागेल. समोरासमोर दारे ठेवलीत तर खुर्ची एका बाजूने आत जाते आणि सरळ पुढच्या बाजूने बाहेर पडते.

आता तुमची जागा. पाच फूट म्हणजे सुमारे 1525 मिमी. हे माप भिंतींच्या आतले आहे की भिंती धरून, ते आधी पाहा. दोन्हीकडे 100 मिमीची भिंत आली तर आत जेमतेम 1325 उरतात. केबिनच्या रुंदीपेक्षा शाफ्ट, म्हणजे केबिन जिच्यातून वरखाली जाते ती उभी पोकळी, साधारण 300 ते 450 मिमी जास्त रुंद लागतो, कारण बाजूला मार्गदर्शक रूळ आणि यंत्रणा बसते. आपोआप सरकणारे दार घेतले तर त्याच्या पट्ट्यांनाही शाफ्टमध्येच जागा द्यावी लागते. बाहेर उघडणाऱ्या बिजागरीच्या दाराने ही जागा वाचते, पण खुर्चीवर बसून ते ओढून उघडणे अवघड जाते. तसे दार घ्यायचेच असेल तर त्याला मोटर बसवून घ्या.

या मापांत बसवायला आमचे मत हायड्रॉलिककडे झुकते. तिला प्रतिवजन, म्हणजे केबिनचा भार तोलायला दुसऱ्या बाजूला लटकणारे वजन, सहसा लागत नाही, त्यामुळे तेवढ्याच शाफ्टमध्ये केबिन मोठी मिळते. बराचसा भार पिटच्या, म्हणजे शाफ्टखालच्या खड्ड्याच्या, तळावर उतरतो आणि भिंतींवर कमी येतो. मात्र तेलाची टाकी आणि पंप ठेवायला जवळपास हवेशीर कपाटाएवढी जागा लागते. दोराची लिफ्ट सर्वांत शांत चालते आणि प्रतिवजनामुळे वीज कमी खाते, पण खाली पिट आणि वर डोक्यावरची उंची दोन्ही जास्त मागते. स्क्रूची लिफ्ट सर्वांत आटोपशीर. तिच्यातल्या मुख्य नटाची झीज होते म्हणून त्याच्या जोडीला सुरक्षा-नट असतो, आणि दोन्हींतले अंतर दर सर्व्हिसला मोजायचे असते. या प्रकारात बहुधा चहूबाजूंनी बंद केबिन नसते, नुसता प्लॅटफॉर्म असतो, आणि मजला येईपर्यंत बटण दाबून धरावे लागते. 0.15 मीटर प्रतिसेकंद या वेगाने तीन मीटरला 20 सेकंद लागतात. थरथरत्या किंवा अधू हाताला ते फार होतात. हवेवरची गोल नळी बसवायला सोपी, पण तिच्या लहान मापांत व्हीलचेअर जात नाही, आणि वर जाताना पंपाचा आवाज मोठा असतो. तुमच्या गरजेला ती नको.

प्रश्न : लिफ्टसाठी ठरवलेल्या जागेखाली पाण्याची टाकी आहे, त्यामुळे पिट खणता येत नाही. काय करावे?

उत्तर : स्क्रूच्या प्लॅटफॉर्म लिफ्टला सुमारे 50 मिमीच खोली लागते. तेवढीही करता येत नसेल तर प्लॅटफॉर्म जमिनीवर ठेवून पुढे उतार करतात. 1:12 चा उतार धरला तर 50 मिमीला 600 मिमी लांबी लागेल. उतारावर दार उघडणार नाही, म्हणून दार उताराच्या वरच्या टोकाला, सपाट भागात घ्यावे लागते.

खोलीपेक्षा भाराची काळजी मोठी आहे. टाकीचा वरचा स्लॅब माणसांच्या वावरापुरता घातलेला असतो, आणि लिफ्टचा भार मात्र काही मोजक्या बिंदूंवर एकवटतो. कंपनीकडून भारांचा नकाशा लेखी घ्या. त्यात तळावर आणि भिंतीवर कुठे किती भार येणार हे आकड्यांत दिलेले असते. तो स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. वरच्या मजल्याचा स्लॅब कापण्यापूर्वीही हेच करा. भोकाच्या कडांना आधाराचे बीम घ्यावे लागतात, आणि कापण्याआधी स्लॅबला खालून टेकू द्यावे लागतात. अर्ध्या विटेच्या भिंतीत रुळांचे ब्रॅकेट ठोकू देऊ नका. तिथे आरसीसी पट्टा हवा, नाहीतर स्वतःच्या पायावर उभा राहणारा पोलादी सांगाडा.

प्रश्न : लिफ्ट मध्येच असताना वीज गेली तर? घरच्या इन्व्हर्टरवर ती चालेल का?

उत्तर : इन्व्हर्टरच्या भरवशावर राहू नका. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि साधा इन्व्हर्टर तिथेच बसतो. हायड्रॉलिकमध्ये छोटी बॅटरी झडप उघडते आणि केबिन स्वतःच्या वजनाने सावकाश खाली येते. दोराच्या लिफ्टला एआरडी, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारी सुटकेची यंत्रणा, लागते. ती केबिन जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडते, आणि कोटेशनमध्ये ती कित्येकदा वेगळी धरलेली असते, हे विचारून घ्या. हवेच्या लिफ्टमध्ये हवा हळूहळू आत शिरते आणि केबिन तळाला येते. बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून महिन्यातून एकदा केबिन रिकामी ठेवून लिफ्टचा एमसीबी पाडून पाहा. लिफ्टला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र वायर आणि चांगले अर्थिंग हवेच.

प्रश्न : घरात चार वर्षांचा नातू आहे. मुलांसाठी वेगळी काळजी कोणती घ्यावी?

उत्तर : बाहेरचे दार आणि केबिनचे दार यांच्यामधली फट. घरगुती लिफ्टमधला सर्वांत घातक दोष हाच. बाहेरचे दार मुलाच्या मागे मिटते, आतले अजून बंद असते, आणि मूल दोन्हींच्या मध्ये उभे राहते. तेवढ्यात वरून कुणी लिफ्ट बोलावली तर ते चिरडले जाते. अमेरिकेत असे बालमृत्यू झाल्यावर तिथल्या मानकाने ही जागा घट्ट केली : दोन्ही दारांमध्ये 4 इंच, म्हणजे सुमारे 100 मिमी व्यासाचा चेंडू शिरता कामा नये, आणि बाहेरचे दार उंबऱ्याच्या शाफ्टकडच्या कडेपासून पाऊण इंचापेक्षा जास्त मागे असू नये. जुनी लिफ्ट असेल तर आजच टेप घेऊन मोजा. फट जास्त भरली तर बाहेरच्या दाराला आतून भराव-पट्टी बसवता येते. ती बसेपर्यंत लिफ्टचा मेन स्विच बंद ठेवा. दाराला इंटरलॉक आहे ना, तेही तपासा. केबिन त्या मजल्यावर नसताना बाहेरचे दार ओढले तर ते उघडताच कामा नये.

प्रश्न : आमची हायड्रॉलिक लिफ्ट रात्री वरच्या मजल्यावर सोडली की सकाळी बोटभर खाली आलेली दिसते. तेल गळते आहे का?

उत्तर : गळतच असेल असे नाही. दिवसभराच्या वापराने तापलेले तेल रात्री निवते आणि आकसते. 10 अंश उतरले की सुमारे 0.7 टक्के. तीन मीटरच्या चढाला ते 20 मिमीच्या आसपास जाते. थंड सकाळी, लिफ्ट वापरली नसताना, केबिन वर नेऊन उंबऱ्याशी पेन्सिलने खूण करा आणि तासाने पाहा. या वेळी तेल निवायचे कारण नाही, तरी केबिन उतरली तर झडपेतून किंवा सिलिंडरच्या सीलमधून दाब सुटतो आहे. पिटमध्ये तेल दिसले तर सील, पिट कोरडा असेल तर बहुधा झडप किंवा तिच्यात अडकलेला कचरा. कारण काहीही असो, उंबऱ्याशी उंचसखल पायरी पडली की वयस्क माणूस अडखळतो. म्हणून वापर थांबल्यावर 15 मिनिटांनी केबिन आपोआप तळमजल्यावर जाईल अशी सोय सर्व्हिसच्या माणसाकडून करून घ्या. बहुतेक कंट्रोलरमध्ये ती असते, फक्त चालू करायची राहिलेली असते.