स्लो कुकरमध्ये पहिलं चिकन करताना

सकाळी स्लो कुकर लावून ठाण्याहून लोकल गाठायची, तर कांदा-खोबऱ्याचं वाटण आदल्या रात्रीच खरपूस भाजून फ्रीजमध्ये ठेव. एवढं मात्र टाळू नकोस गं. स्लो कुकर म्हणजे तासन्तास मंद आचेवर शिजवणारं विजेचं भांडं, ते मसाला शिजवतं, भाजत नाही. कच्च्या कांद्याचा वास रस्स्यात तसाच राहतो. चिकन हाडासकट, तंगडीचं घे, छातीचे तुकडे कोरडे पडतात. गोठलेलं चिकन थेट कधीच टाकू नकोस, ते हळू तापतं आणि तेवढ्यात जंतू वाढतात. पाणी अर्धी वाटी पुरे. ‘लो’ म्हणजे मंद आचेच्या सेटिंगवर 6 ते 7 तास, मग आपोआप ‘वॉर्म’वर, म्हणजे नुसतं गरम ठेवणाऱ्या सेटिंगवर जाणारा टायमर हवाच. नसेल तर रविवारी कर. नारळाचं दूध शेवटच्या अर्ध्या तासात. आणि तू घरी नसताना बराच वेळ वीज गेली होती असं कळलं, तर हळहळ न करता ते चिकन टाकून दे.