नडगी दुखत असताना सेंटरला जाऊ नकोस

भावा, तुझी पोस्ट वाचली. अग्निवीरमध्ये सिलेक्शन झालंय, अडीच महिन्यांनी बेळगावला मराठा सेंटरला, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या ट्रेनिंग सेंटरला, हजर व्हायचंय, आणि अकॅडमीतले सर अजून रोज पहाटे डांबरीवर जोरात पळवतायत. डाव्या नडगीत आतल्या बाजूनं दुखतंय, तर सर म्हणतात पळता पळता मोकळं होईल. शेवटी तू विचारलंयस, तिथं मन टिकतं का.

खाली बाकीच्यांनी पुशअपचे आणि खाण्याचे तक्ते दिलेत, ते बघ. पहाटे उठणं, बीम (पुलअप) मारणं, तंबाखू-मावा बंद करणं हे तुला कुणी सांगायला नको. मी आधी नडगीवरच बोलणार आहे, कारण याच दुखण्यानं माझी बॅच माझ्या हातून गेली.

मी डॉक्टर नाही. मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालोय आणि आता गावातल्या पोरांबरोबर सकाळी ग्राउंडवर असतो, एवढंच. माझी भरती अग्निपथ योजना यायच्या (जून २०२२) बरीच आधीची. तेव्हा ट्रेनिंग जवळपास नऊ महिने चालायची, तुमची सहा-सात महिन्यांत उरकते. नाशिक रोडला तोफखान्याचं, नगरला मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं (चिलखती गाड्यांतल्या पायदळाचं), खडकीला इंजिनिअरांचं, सागरला महार रेजिमेंटचं, प्रत्येक सेंटरचा कारभार थोडा वेगळा. त्यामुळं मी सांगतो ते जसंच्या तसं घेऊ नकोस. पण हाडाचा नियम सगळीकडे एकच आहे, आणि ट्रेनिंग आखूड झाल्यामुळं तुमच्या बॅचला दुखापतीतून सावरायला वेळ आमच्यापेक्षाही कमी मिळतो.

भरतीच्या रॅलीची तयारी आणि ट्रेनिंगची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अकॅडमीवाले पोरांना सांगत नाहीत. रॅलीत काय लागतं? १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारले की ६० मार्क, दहा बीम काढले की ४० मार्क. एक दिवस, एक पळ, विषय संपला. ट्रेनिंगमध्ये तुला साडेपाच मिनिटं कुणी विचारत नाही. तिथं सकाळी पीटी, मग ड्रिल, मग बूट घालून इकडून तिकडं डबल मार्च, संध्याकाळी गेम, आणि कुणा एकाची चूक झाली तर सगळ्या प्लाटूनला (तुकडीला) रगडा, म्हणजे अंग मोडणारी शिक्षा. पुढं बीपीईटीमध्ये, म्हणजे फौजेच्या शारीरिक चाचणीत, पाठीवर सामान आणि हातात रायफल घेऊन पाच किलोमीटर. दिवसभर पाय जमिनीवर आपटतच असतात. तिथं वेगवान पोरापेक्षा ज्याचे पाय रोजचा मार सोसतात तो पोरगा टिकतो.

आता माझ्याकडं काय झालं ते सांगतो. अकॅडमीचं नाव घेणार नाही, गावही सांगणार नाही. तिथं सिलेक्शन झाल्यावरही पोरांना सोडत नसत, कारण सिलेक्ट झालेली पोरं पुढं पळताना दिसली की नवीन पोरांच्या बापांना फी भरावीशी वाटते. रोज तेच १६०० मीटर, रोज घड्याळ लावून, रोज डांबरीवर. मातीचं ग्राउंड चालत दहा मिनिटांवर होतं. मी सरांना नडगी दाखवली. त्यांनी अंगठा दाबून बघितलं, मी कळवळलो, तर चारचौघांत म्हणाले, ‘फौजेत जाणाऱ्याला दुखत नसतं.’ दुसऱ्या वेळी सांगितलं तेव्हा घट्ट पट्टी बांधून दिली. तिसऱ्या वेळी ओळखीच्या कंपाउंडरकडं पाठवून दुखणं मारायचं इंजेक्शन दिलं आणि त्याच संध्याकाळी पळवलं. एक्सरे काढ असं एकानंही म्हटलं नाही. घरी सांगितलं तर वडील सरांनाच विचारायला गेले, आणि सरांनी त्यांनाही तेच ऐकवलं.

सेंटरला गेल्यावर चौथ्या आठवड्यात ड्रिलला पाय आपटला आणि उभं राहता येईना. उस्तादांनी (शिकवणाऱ्या फौजींनी) एमआय रूमला, म्हणजे सेंटरच्या दवाखान्यात, पाठवलं, तिथून मिलिटरी हॉस्पिटल. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भारानं हाडाला पडलेली बारीक चीर. कमांडर काय किंवा उस्ताद काय, मला कुणी वाईट बोललं नाही, हे आवर्जून सांगतो. पण नियम तो नियम, रिलिगेट झालो, म्हणजे मला मागच्या बॅचला टाकलं. ज्यांच्या शेजारी झोपलो, ज्यांच्याबरोबर रगडा खाल्ला, त्यांची कसम परेड (ट्रेनिंग संपल्यावरची शपथेची परेड) मी कुबड्या घेऊन मैदानाच्या कडेला उभं राहून बघितली. आई-वडिलांना येऊ नका म्हणून फोन आधीच केला होता. बँड वाजत होता आणि माझ्या प्लाटूनमधली माझी जागा दुसऱ्यानं भरली होती. पुढं नव्या बॅचबरोबर पुन्हा सुरुवात केली, कसमही घेतली, नोकरीही पूर्ण केली. तरी त्या अकॅडमीचा राग अजून गेलेला नाही. पोराचा पाय पणाला लावून जाहिरात करणाऱ्याला शिक्षक म्हणू नये. आजही तालुक्या-तालुक्यात अशा जागा आहेत. चांगल्याही आहेत, काही ठिकाणी रिटायर सुभेदार मन लावून शिकवतात, त्यांना हे लागू नाही.

हाड कसं काम करतं ते समजून घे. नवा भार पडला की शरीर आधी जुनं हाड खरवडून काढतं आणि मग त्या जागी नवं भरतं. खरवडणं लवकर होतं, भरणं सावकाश. म्हणून भार एकदम वाढवला की तीन-चार आठवड्यांनी हाड मजबूत व्हायच्या ऐवजी काही काळ नाजूक झालेलं असतं. माझा पाय चौथ्याच आठवड्यात गेला, त्यामागं हे कारण होतं हे मला फार नंतर एका मिलिटरी डॉक्टरांनी समजावलं. जखमी नडगी घेऊन तू तिथं गेलास तर नेमक्या त्याच आठवड्यांत अडकशील.

तुझं दुखणं कुठल्या प्रकारचं आहे ते आधी ओळख. नडगीच्या आतल्या कडेनं वीतभर पट्ट्यात दुखत असेल, पळायला लागल्यावर जास्त आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर बहुतेक तो हाडाच्या वरच्या आवरणाचा आणि स्नायूंचा त्रास असतो. पण एका बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर दाबलं की जीव जातो, एका पायावर उडी मारली की कळ येते, रात्री झोपेतही ठणकतं, असं असेल तर पळणं आजच बंद. हाडांच्या डॉक्टरांकडं जा, कंपाउंडरकडं नाही. आणि एक लक्षात ठेव, सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत स्ट्रेस फ्रॅक्चर साध्या एक्सरेत बऱ्याचदा दिसत नाही. एक्सरे चांगला आला म्हणून खूश होऊन पळायला लागू नकोस. दुखणं तसंच राहिलं तर एमआरआयबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचार. महाग आहे, माहीत आहे. सिव्हिलला किंवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला जाऊन बघ, तिथं खर्च बराच कमी येतो. रक्तातलं व्हिटॅमिन डी पण त्याच फेरीत तपासून घे.

नुसता पहिल्या प्रकारचा त्रास निघाला तर अडीच महिने भरपूर आहेत. दोन-तीन आठवडे पळायचं नाही. दम जाईल ही भीती काढून टाक. सायकल मार, विहिरीत पोह, दम राहतो. दुखणं पूर्ण थांबलं की मातीवर सुरुवात कर, थोडं पळ, थोडं चाल, आणि दर आठवड्याला थोडंच वाढव. घड्याळ घरी ठेव. ज्या दिवशी परत दुखेल त्या दिवशी एक पाऊल मागं ये. पोटऱ्यांसाठी पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहून टाचा वर-खाली कर, आधी दोन्ही पायांवर, मग एकेका पायावर. हा व्यायाम कुणालाच भारी वाटत नाही, पण मी आमच्या पोरांकडून रोज करून घेतो. शेवटच्या महिन्यात पाठीला सॅक लावून डोंगर चढ-उतर. चार-पाच किलोनं सुरू कर. वजन घेऊन चालायचं, वजन घेऊन पळायचं नाही, ते तिथं उस्ताद शिकवतील.

बुटांचंही सांगतो. तिथला बूट सरकारी मिळतो, पण पाय तुझा स्वतःचा. आता जाड तळाचे, घोट्याच्या वर येणारे कुठलेही बूट घालून रोज तासभर चालायची सवय कर, म्हणजे टाचेची कातडी तयार होते. मोजे भरपूर ने. बेळगावचा पाऊस मोठा आहे, मोजे वाळत नाहीत आणि बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. रात्री पाय धुऊन बोटांमधलं पाणी कोरड्या फडक्यानं टिपून मगच झोप. फोड आला तर कातडी ओढून काढू नकोस. चांगलं पळणारी पोरं फोड पिकल्यामुळं सिक रिपोर्टला (आजारी म्हणून डॉक्टरांना दाखवायला) बसलेली मी बघितली आहेत.

खाण्याचं एवढंच. नाचणीची भाकरी, दूध, अंडी, तीळ, सकाळचं ऊन. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, त्यासाठी डब्यातली पावडर घ्यायची गरज नाही. आणि दम वाढवणारं म्हणून कुणी इंजेक्शन दाखवलं तर त्या माणसाच्या सावलीलाही उभं राहू नकोस. दुखण्याच्या गोळ्या खाऊन पळणं तर त्याहून वाईट, कारण दुखणं हाच शरीराचा निरोप असतो आणि गोळी तो निरोप दाबून टाकते.

आता मनाचं. टिकतं, पण कशानं खचतं ते माहीत हवं. व्यायामानं फार थोडी पोरं खचतात. झोप तुटते, मोबाईल काढून घेतलेला असतो, केस उतरवलेले, आरडाओरडा सतत, आणि आपली चूक नसताना शिक्षा. गावात ‘फौजी’ म्हणून सत्कार घेऊन आलेला पोरगा तिथं एकदम कुणीच नसतो. आमच्यात सगळ्यात वेगात पळणारा पोरगा दुसऱ्या आठवड्यात घरी पाठवा म्हणायला लागला होता. पहिला नंबर सोडून दुसरं काही त्याला माहीतच नव्हतं, आणि तिथं पहिल्या नंबरालाही शिव्या पडतात. उलट कोकणातला एक पोरगा, पळायला यथातथाच. तो रोज रात्री स्वतःचे बूट झाले की शेजाऱ्याचे घ्यायचा. पॉलिशची डबी उघडायचा, झाकणात चार थेंब पाणी टाकायचा, बोटाला चिंधी गुंडाळून बुटाच्या टोकावर बारीक गोल गोल फिरवत बसायचा आणि हळू आवाजात घरच्या गोष्टी सांगायचा. त्या कोपऱ्यातल्या एकाही पोरानं सोडून जायचं नाव काढलं नाही. म्हणून सांगतो, पहिल्याच दिवशी शेजारच्या चारपाईवाल्याचं नाव, गाव, घरी कोण कोण, सगळं विचारून घे.

घरून जाताना चार कामं हाताला लावून घे: कपडे धुणं, इस्त्री, बटण लावणं, पाच मिनिटांत आंघोळ. आईच्या हातचं सगळं आयतं मिळालेल्या पोराला पहिला महिना याच गोष्टी रडवतात. हिंदी बोलायची सवय कर, कारण उस्ताद मराठी असले तरी हुकूम हिंदीत. आजपासून मोबाईल रात्री नऊला बंद करून आईकडं दे आणि चारला ऊठ. तिथं गेल्यावर एकदम सोडण्यापेक्षा इथंच सोडलेला बरा. आणि वडिलांना आताच सांगून ठेव की फोन आला नाही म्हणजे काही वाईट झालं असं नाही, नाहीतर तुझ्या काळजीत त्यांची झोप जाते आणि त्यांच्या काळजीत तुझी.

रडू येतं का, असंही विचारलंयस. येतं. मच्छरदाणीत बहुतेक सगळ्यांना येतं, सकाळी त्यावरून कुणी कुणाला काही म्हणत नाही. दुखणं मात्र तिथं लपवू नकोस. पहिल्या दिवशी सिक रिपोर्ट केलंस तर दोन-चार दिवसांची सूट मिळून काम भागू शकतं. लपवलंस तर महिने जातात. पोरं हसतील, हसू दे. कामचुकार कोण आणि खरा आजारी कोण हे उस्तादांना डोळ्यांत बघून कळतं, त्यांनी तुझ्यासारखी शेकडो पोरं बघितलेली असतात.

विषय निघालाच आहे तर कागदपत्रांचंही बघून घे. दहावीचं मार्कशीट, आधार आणि बँकेचं पासबुक, तिन्हीवर तुझं आणि वडिलांचं नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का बघ. दुरुस्ती लागली तर उद्याच अर्ज टाक, अशा कामांना वेळ लागतो.

अकॅडमीत उद्या जाऊ नकोस. सर चिडले तर त्यांना सांग, एका रिटायर फौजीनं सांगितलंय. डॉक्टर काय म्हणाले ते इथंच खाली लिही, मी रोज रात्री बघतो. पळायला परत कधी आणि किती सुरुवात करायची ते त्यावरून ठरवू.