रोझेनवाल्ड शाळांचा खर्च कोणी उचलला?

प्रश्न : अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी बांधलेल्या जुन्या लाकडी शाळांना ‘रोझेनवाल्ड शाळा’ म्हणतात. त्या एकाच दात्याने बांधून दिल्या का? त्यांच्या खिडक्या एवढ्या मोठ्या का असतात?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ज्यूलियस रोझेनवाल्ड हे शिकागोच्या ‘सीअर्स, रोबक अँड कंपनी’ या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष होते. दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातील टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या आग्रहावरून त्यांनी 1912 मध्ये अलाबामातील सहा लहान शाळांसाठी पैसे दिले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या योजनेत 1932 पर्यंत 15 राज्यांत सुमारे पाच हजार शाळा बांधल्या गेल्या. मात्र गावाने आधी आपला वाटा उभा करावा आणि सरकारी शिक्षण मंडळानेही भार उचलावा, अशी अनुदानाची अट होती.

हा वाटा उभा करणारे बहुतेक लोक परक्याची जमीन कसणारे शेतकरी होते. कोणी कापसाच्या शेताचा एखादा तुकडा शाळेच्या नावाने राखून ठेवला, कोणी लाकूड दिले, कोणी श्रमदान केले. अलाबामातील बोलिजी येथे, गुलामगिरीचे दिवस पाहिलेल्या एका वृद्धाने जुन्या मळकट पिशवीतली आयुष्यभराची पुंजी, म्हणजे 38 डॉलर, सभेत टेबलावर रिकामी केली. कृष्णवर्णीयांची एकूण लोकवर्गणी सुमारे 47 लाख डॉलर झाली, तर रोझेनवाल्ड यांच्याकडून आलेली रक्कम सुमारे 43 लाख होती. शिवाय हेच लोक करही भरत होते आणि त्या करातला मोठा हिस्सा गोऱ्या मुलांच्या शाळांकडे वळवला जात होता. म्हणजे स्वतःच्या मुलांच्या शाळेसाठी त्यांना दोनदा पैसे मोजावे लागले, आणि एवढे करून इमारत सरकारी शिक्षण मंडळाच्या नावावर होत असे. शाळांच्या नावात याचा मागमूस नाही, हे मला खटकते.

खिडक्यांचे कारण साधे आहे. त्या काळी खेड्यांत वीज नव्हती, त्यामुळे वर्गाला पूर्वेचा किंवा पश्चिमेचा प्रकाश मिळेल अशा बेताने उंच खिडक्या ओळीने बसवल्या जात. त्यापायी इमारतीची पाठ रस्त्याकडे झाली तरी चालत असे. प्रकाश शक्यतो मुलांच्या डाव्या बाजूने यावा, म्हणजे उजव्या हाताने लिहिताना वहीवर सावली पडत नाही, हेही नकाशात पाहिलेले असे. दोन वर्गांमधली सरकती पडदी बाजूला केली की गावाच्या सभेला जागा होत असे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1954 च्या निकालाने शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरला आणि पुढे शाळांचे विलीनीकरण होत गेल्यावर यांतील बहुतेक इमारती ओस पडल्या किंवा पाडल्या गेल्या. उरलेल्या थोड्या शाळांपैकी काही माजी विद्यार्थ्यांनीच दुरुस्त करून सभागृह किंवा संग्रहालय म्हणून चालू ठेवल्या आहेत.