फोन उचलला नाही, तर निरोप कसा ठेवायचा?

प्रश्न : पुण्यातून अमेरिकेतल्या ग्राहकांना थकलेल्या बिलांसाठी फोन करते. बहुतेक वेळा व्हॉइसमेलच लागतो. मी निरोप ठेवते, पण उलट फोन येत नाही. काय चुकत असेल?

बहुधा निरोपाचा क्रम. नंबर शेवटी येतो, तोही घाईत. ऐकणारा पेन शोधेपर्यंत अर्धा नंबर निघून जातो, आणि तेवढ्यासाठी सगळा निरोप पुन्हा ऐकायला कुणाला वेळ नसतो. म्हणून आधी नाव आणि कंपनी, लगेच नंबर, मग एका वाक्यात काम, त्यांनी नेमकं काय करायचं ते, आणि शेवटी पुन्हा नंबर. ३० सेकंदांत हे आरामात बसतं. ‘माझा नंबर दिसेलच’ यावर विसंबू नका. ऑफिसच्या इंटरनेट लाइनवरून फोन केला की पलीकडे भलताच नंबर दिसू शकतो.

नंबर सांगताना ‘डबल टू’, ‘ट्रिपल फाइव्ह’ टाळा. तिकडच्या कानांना त्याची सवय नसते आणि निरोपाचं आपोआप लेखी रूप करणारी यंत्रणाही तिथे अडखळते. एकेक आकडा सुटा म्हणा. अमेरिकेतला नंबर ३-३-४ अशा गटांत सांगा, प्रत्येक गटानंतर क्षणभर थांबा. इनव्हॉइस नंबरमधली बी-पी आणि एम-एन ही अक्षरं फोनवर सारखीच ऐकू येतात, तिथे ‘एम फॉर मुंबई’ऐवजी ‘एम ॲज इन मेरी’ म्हणा. रक्कम लाखांत सांगू नका. तारीख सांगताना महिन्याचं नाव घ्या, कारण ५/६ म्हणजे तिकडे ६ मे.

वेळ त्यांच्या घड्याळाची सांगा. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे ७.३० आणि उन्हाळ्यात ६.३० झालेले असतात. हा बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. त्या आठवड्यांत ‘उद्या ९ला फोन करते’ हे हमखास तासाने चुकतं.

निरोप बिघडला तर फोन आपटू नका. तिकडच्या बऱ्याच सिस्टिममध्ये बोलून झाल्यावर हॅश (#) दाबलं की निरोप ऐकण्याचा किंवा पुसून नव्याने बोलण्याचा पर्याय मिळतो. त्यांच्या भाषेत हे बटण ‘पाउंड’.

प्रश्न : न्यू जर्सीत नोकरी करतो. माझ्या व्हॉइसमेलवर अजून फोन कंपनीचा यांत्रिक आवाजच आहे. बदलायला हवा का?

हवाच. नुसता नंबर वाचणारा आवाज ऐकून समोरच्याला कळत नाही की फोन योग्य माणसाला लागला की नाही, आणि तो काही न बोलता ठेवून देतो. आयफोनवर फोन, मग व्हॉइसमेल, तिथे ‘ग्रीटिंग’ (फोन करणाऱ्याला आधी ऐकू येणारा आवाज) आणि ‘कस्टम’. नाव, विभाग, किती वेळात उलट फोन कराल आणि तातडीचं असेल तर कुणाकडे जायचं, एवढं १५ ते २० सेकंदांत सांगा. स्पीकर बंद ठेवा, पंखाही बंद करा. रजेवर जाताना परतायची तारीख सांगणार असाल, तर ग्रीटिंग पुन्हा बदलायची आठवण त्याच क्षणी कॅलेंडरवर लावा. संपलेल्या रजेची तारीख महिनाभर ऐकवणारा व्हॉइसमेल विश्वास घालवतो.

आणखी एक. पुसलेले निरोपही ‘डिलीटेड मेसेजेस’मध्ये पडून राहतात. तेही रिकामं करा, नाहीतर मेलबॉक्स भरतो आणि नवे निरोप येणं बंद होतं.

प्रश्न : नाशिकच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मशिन बंद पडलं की साहेबांना व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज टाकतो. ते तासभर ऐकत नाहीत.

मीटिंगमध्ये बसलेला माणूस मेसेज ऐकू शकत नाही, वाचू मात्र शकतो. आधी एक ओळ टाइप करा : ‘लाइन २, प्रेस बंद, १०.४० पासून. मेकॅनिक हवा.’ तातडी असेल तर सरळ फोन करा. पार्ट नंबर, मापं, तारखा नेहमी लिहूनच पाठवा, कारण आवाजातला आकडा चॅटमध्ये नंतर शोधता येत नाही.

व्हॉइस मेसेजचा खरा उपयोग वेगळा आहे. बेअरिंग कसं घरघरतंय हे शब्दांत सांगता येत नाही. फोन सुरक्षित अंतरावर धरून १० सेकंद तो आवाजच रेकॉर्ड करून पाठवा. स्वतः बोलायचं असेल तर मशिनच्या गोंगाटातून बाहेर या, माइकचं बटण दाबून बोट वर सरकवा म्हणजे रेकॉर्डिंग लॉक होतं, आणि पाठवण्याआधी एकदा ऐका. मिनिटाच्या वर जाऊ देऊ नका.

प्रश्न : आमचे एक ग्राहक सहा-सहा मिनिटांचे मेसेज पाठवतात. मोठे आहेत, लिहून पाठवा म्हणायला अवघड वाटतं.

म्हणूही नका. दीडपट वेगाने ऐका, त्यातली कामं टिपा आणि लिहून पाठवा : ‘काका, तुमच्या मेसेजप्रमाणे ४० नग, निळा रंग, शुक्रवारपर्यंत. बरोबर ना?’ त्यांचं ‘हो’ आलं की मगच काम सुरू करा. पुढे रंगावरून वाद झाला तर हे लेखी उत्तर तुमच्या हाताशी राहतं.

प्रश्न : दवाखान्यात रिसेप्शनवर असते. रिपोर्टमध्ये काय आलंय ते पेशंटना व्हॉइस मेसेजवर सांगू का?

नाही. तो मेसेज घरात, रिक्षात, कुणाहीसमोर मोठ्याने वाजू शकतो. दवाखान्याचं नाव, तुमचं नाव आणि ‘संध्याकाळी ५ ते ८ मध्ये या नंबरवर फोन करा’, इतकंच. कुठली तपासणी होती तेही बोलू नका. नुसत्या दवाखान्याच्या नावावरूनच आजार कळत असेल, तर तेही वगळा आणि फक्त तुमचं नाव व नंबर ठेवा.