मिलिटरी पोलिसात चाललीस तर हे वाच

बेटा,

सिलेक्शन झालं आणि ते पण मिलिटरी पोलिसात, तुझ्या पप्पांनी शिरपूरमध्ये गल्लीभर पेढे वाटले म्हणे, खूप आनंद झाला. रनिंग-फिटनेसचं तुला कोणी सांगायची गरज नाही, मला दुसरंच सांगायचंय. लोकांना वाटतं तुमची ड्युटी म्हणजे ट्रॅफिक आणि गेट. पण लढाई झाली की पकडलेले सैनिक सांभाळायचं काम तुमच्याच कोअरकडे येतं, आणि ज्याचं हत्यार काढून घेतलं त्याच्या जिवाची जबाबदारी त्या मिनिटापासून आपली.

म्हणून १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारातली दोन कलमं आताच पाठ कर. कलम १७, कैद्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि नंबर एवढंच सांगायचं, पुढचं नाही सांगितलं तर मारायचं नाही, धमकी पण द्यायची नाही. कलम १३, त्याचा तमाशा होऊ द्यायचा नाही. मोबाईल आल्यापासून हे फार महत्त्वाचं झालंय. २०१९ मध्ये आपल्या हवाई दलाच्या पायलट अभिनंदनचे डोळे बांधलेले, तोंड रक्ताने भरलेलं असे व्हिडिओ पाकिस्तानातून आले तेव्हा आपल्या जिवाची काय तगमग झाली आठव, सरकारने पण त्यावर आक्षेप घेतला होता. उद्या तुझ्यासमोर त्यांचा पोरगा बसलेला असेल तर कोणालाच रील काढू देऊ नको, सीनियर असला तरी. हुकूम मोडणं आर्मी ॲक्टमध्ये गुन्हा आहे, पण कायदेशीर हुकूम मोडणं, आणि कैद्याला झोडायचा हुकूम त्यात बसतच नाही.

गावातले म्हणतील, ते आपल्यावाल्यांचे हाल करतात मग आपण का जपायचं. त्यांना ७१ च्या युद्धाचं सांग. पाकिस्तानचे जवळपास ९३ हजार जण आपल्या ताब्यात होते, त्यात सिव्हिलियन पण, एवढ्यांचं खाणंपिणं, औषधपाणी सगळं बघून ७३-७४ मध्ये त्यांना परत पाठवलं. मला आपल्या फौजेचा त्या विजयाइतकाच याचाही अभिमान वाटतो.

आणि हे फक्त बॉर्डरवरचं नाही बरं. आपल्या नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ ला चले जाव चळवळीच्या मिरवणुकीतल्या शिरीषकुमार आणि त्याच्या सोबतच्या पोरांवर गोळ्या चालल्या तेव्हा पण महायुद्ध चालूच होतं, इंग्रजांना तेच निमित्त पुरलं. पुढे आपल्याच देशात आणीबाणीत, १९७६ ला, सुप्रीम कोर्टातले चार जज म्हणाले की आत टाकलेल्याला दाद मागता येणार नाही, एकट्या न्यायमूर्ती खन्नांनी विरोधात निकाल लिहिला. म्हणून तर १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती आली, आता आणीबाणी असली तरी जगण्याचा हक्क बंद करता येत नाही. युद्धाच्या नावाखाली कोणी काही पण खपवायला लागलं की हे आठव.

कसम परेड झाली, सुट्टी मिळाली की घरी ये, चौथा करार सामान्य लोकांबद्दल आहे, तो तेव्हा बसून वाचू.

तुझे काका