‘मोजीबाके’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: मराठी मजकुराची फाइल एडिटरमध्ये उघडली की कधीकधी अक्षरांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ए आणि भलतीच चिन्हं दिसतात. जपानीत याला ‘मोजीबाके’ म्हणतात. मराठीत शब्द आहे का?

रुळलेला शब्द नाही. आपण ‘फॉन्ट गंडलाय’ म्हणून मोकळे होतो, आणि इथे फॉन्ट बिचारा निर्दोष असतो. फॉन्ट नसला तर रिकामे चौकोन दिसतात. ते दुखणं वेगळं.

‘मोजी’ म्हणजे अक्षर. ‘बाके’ आलं ‘बाकेरु’वरून, म्हणजे रूप पालटणे, भुताला ‘ओबाके’ म्हणतात तेही त्यातूनच. संकेतपद्धती किंवा एन्कोडिंग म्हणजे कोणत्या अक्षराला फाइलमध्ये कोणता आकडा, ते ठरवणारा तक्ता. एका तक्त्यानं लिहिलेली फाइल दुसऱ्यानं वाचली की हा घोळ होतो. जपानीसाठी शिफ्ट-जेआयएस, ईयूसी अशा एकमेकींशी न जुळणाऱ्या संकेतपद्धती एकाच काळात चालू होत्या, तेव्हा या प्रकाराला नाव पडणं साहजिकच. रशियनांची गत तीच, त्यांचा शब्द ‘क्राकोझ्याब्री’. अर्थापेक्षा उच्चारातच मजा. जर्मन लोक ‘अक्षरांची कोशिंबीर’ म्हणतात. ऐकायला छान, पण मला पटत नाही. कोशिंबिरीतून काकडी अख्खी परत निघत नाही. इथे बहुतेक वेळा निघते.

‘मराठी’ हाच शब्द घ्या. युटीएफ-८ या आजच्या रुळलेल्या संकेतपद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट, म्हणजे फाइलमधले तीन सुटे आकडे, खातं. म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी, म्हणजे पाच त्रिक पंधरा. एडिटरनं ही फाइल चुकून विंडोज-१२५२ (रोमन लिपीसाठीचा जुना तक्ता) म्हणून वाचली, तर तो दर बाइटला एक स्वतंत्र चिन्ह मानतो. प्रत्येक त्रिकाचे पहिले दोन बाइट तेच ते तिरक्या रेघेचे ए वगैरे होतात. गंमत तिसऱ्यात आहे. म चं होतं ट्रेडमार्क नोंदणीचं वर्तुळातलं चिन्ह, र चं तापमानाच्या अंशाचं टिंब, कान्याचा पाऊण (खरोखर, तीन-चतुर्थांशचं चिन्ह), आणि वेलांटीचा चक्क युरो.

म्हणून माझं मत ‘सोंग’ या शब्दाला. अक्षरांनी सोंग घेतलंय, आत माणूस तोच आहे. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. आपल्या वेलांटीनं तेही करून दाखवलं. त्या अक्षरांनाच नाव हवं असेल तर ‘बहुरूपी अक्षरं’ म्हणा.

ठ राहिला. त्याचा तिसरा बाइट विंडोज-१२५२ च्या तक्त्यात पडतो न तुटणाऱ्या रिकाम्या जागेवर (नॉन-ब्रेकिंग स्पेस: दिसते साध्या स्पेससारखी, पण आकडा वेगळा). असा मजकूर कुणी कॉपी करून मेलमध्ये चिकटवला आणि वाटेत त्या जागेची साधी स्पेस झाली, की ठ गेला. माझ्याकडे एकदा असा लेख आला होता. बाकी मजकूर परत उभा राहिला, पण जिथे तिथे ‘मराठी’मधला ठ गायब आणि वेलांटी टिंबांच्या वर्तुळाला लटकलेली. शिवाय विंडोज-१२५२ च्या २५६ घरांपैकी ५ रिकामी आहेत. आपला ऱ्हस्व उकार, झ, ए, ऐ आणि जोडाक्षरं बांधणारा हलन्त नेमके त्या घरांत जातात. काही प्रोग्राम तिथे प्रश्नचिन्ह टाकतात, आणि मग ते सोंग राहत नाही. प्रश्नचिन्ह झालं की अक्षर मेलंच.

याच्या उलटा प्रकार म्हणजे कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर. तिथे आत मुळातच रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि देवनागरीचा वेष फॉन्ट चढवतो. फॉन्ट काढला की खरं रूप दिसतं. एडिटरमध्ये एन्कोडिंग कितीही बदला, उपयोग नाही. त्याला कन्व्हर्टरच लागतो.

वापरात एक क्रियापदाचा घोळ नेहमी होतो. ‘एन्कोडिंग बदल’ असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन वेगळ्या क्रिया आहेत. व्हीएस कोड या एडिटरमध्ये त्या वेगळ्या दिल्या आहेत: ठरावीक एन्कोडिंगनं पुन्हा उघडणं आणि ठरावीक एन्कोडिंगनं जतन करणं. पहिलीत फाइलला हात लागत नाही, फक्त वाचायचा चष्मा बदलतो. दुसरीत पडद्यावर जे दिसतंय तेच नव्यानं लिहिलं जातं, सोंगासकट. तेव्हा सहकाऱ्याला ‘एन्कोडिंग बदल’ असं मोघम सांगू नका. ‘फाइलनं सोंग घेतलंय, जतन करू नकोस, युटीएफ-८ मध्ये पुन्हा उघड’ असं सांगा.